राहणार सौंदड

डोंगरगढ, ९ जून २०२४

मोठ्या बाईले धाकट्या जावेचा, नीतूचा नमस्कार.

फोनच केला असता, पण तुमचा फोन सासूआईच्या उशाशी असते आणि त्या स्पीकर लावल्याशिवाय ऐकत नाहीत. आणि हे बोलणं मले आताच त्यांच्या कानावर घालायचं नाही. गाडीवाले भैयाजी दर आठवड्याले कोंडा भरायले आमच्या राइस मिलमध्ये येतात आणि सौंदडवरूनच परत जातात, म्हणून त्यांच्या हाती हा कागद देते.

अनुसयाबाई अंगणवाडीतून या साली रिटायर होणार असं समजलं. बाई, ती जागा मले पाहिजे. माझं बी.ए. झालं आहे, मार्क्स चांगले आहेत. फक्त सेविका त्याच गावची राहणारी पाहिजे, ही अट पक्की आहे म्हणतात. मी सौंदडची सून. मतदार यादीत आमची नावं तिथेच आहेत, मागच्या दोन खोल्या आमच्या वाट्याच्या आहेत. चार वर्षं झाली इथे छत्तीसगढले येऊन, पण राहणं म्हणजे काय राहणं, मिलच्या क्वार्टरमध्ये एक खोली. भुसा उडते तो भाजीत पडते, अंथरुणात पडते. मोनू सहा वर्षांची झाली, रात्रभर खोकलते. डॉक्टर म्हणाले हिले इथून हलवा. दुर्गेशले मिल सोडता येत नाही, गावात दुसरं काम नाही. मले ती जागा लागली तर मी मोनूले घेऊन घरी येते, हे इथे राहतील, शनिवारी येतील.

आणि आईचं सगळं मी करीन. चार वर्षं तुम्ही एकटीने केलं, मले माहीत आहे. दोघं भावांनी सहा-सहा महिन्यांची बारी ठरवली होती आणि आमची बारी एकदाही लागली नाही, ते मनाले लागून आहे. काय काय करावं लागते ते सांगा. तुमच्याशिवाय मी कोणाले विचारू?

नीतू

सौंदड, १८ जून २०२४

नीतू,

तुझी चिठ्ठी भैयाजीने कोंड्याच्या पोत्यात खोसून आणली, वाचायच्या आधी सुपात पाखडावी लागली. एवढी लपवाछपवी मी लग्नाच्या आधीही केली नाही.

जागा तुलेच लागणार, दुसरी बी.ए.वाली गावात आहे कोण? पोरी शिकतात अन् नागपूरले पळतात. पण सरकारी कामात उतावळेपणा करशील तर हातची जाईल. मले विचारल्याशिवाय कुठे सही करायची नाही, कुठे कागद द्यायचा नाही, हे ध्यानात ठेव.

आई बरी आहे, म्हणजे जशी आहे तशी. पडल्यापासून पाय धरत नाही, आता डोकंही धरेना. दिवसातून तीन वेळा विचारते नीतू कधी येते. मी म्हणते, येईल, तिले इकडच्या चिखलाची आठवण आली की येईल. दोनदा अंथरूण ओलं करते, दोनदा मी धुते. धानाची रोवणी तोंडावर आली आहे अन् घरी स्वप्निलचे बाबा, स्वप्निल, दोन बैल अन् एक म्हातारी, सगळ्यांचं मीच पाहते. तू मले सुट्टी देणार म्हणून लिहिलं, वाचून बरं वाटलं. अशी गोष्ट चार वर्षांत कोणी बोललं नव्हतं.

शामकला

डोंगरगढ, ४ ऑगस्ट २०२४

बाई,

एक टेंशन झालं आहे. मागच्या रविवारी आम्ही तिघं गाडीवर घरी येत होतो तेव्हा कोहमाऱ्याच्या चौकात गाड्या तपासणाऱ्यांनी धरलं. आमची गाडी छत्तीसगढच्या नंबरची. साहेब म्हणे, कुठे राहता? दुर्गेश भोळा माणूस, म्हणाला, काम तिकडे, घर इकडे, अर्धे तिकडे अर्धे इकडे. साहेब म्हणे, माणूस राहत असेल अर्धा-अर्धा, गाडी नाही राहत. महाराष्ट्रात राहता तर वर्षावर झालं, इकडचा टॅक्स भरा, इकडचा नंबर घ्या. तिकडे राहता तर तसा कागद आणून दाखवा. तीन महिन्यांची मुदत दिली.

दुर्गेश म्हणतात टॅक्स भरून टाकू अन् गोंदियाचा नंबर घेऊ. मलेही वाटते इकडचाच नंबर बरा, उद्या अंगणवाडीच्या अर्जाले आपण इकडचेच आहोत हे दाखवायले कामी येईल. पण तुम्ही सांगितलं होतं विचारल्याशिवाय करू नको, म्हणून थांबली आहे.

मोनूले वाफ द्यायची मशीन आणली. ती तोंडाले लावली की म्हणते, मी विमान चालवून राहिली.

नीतू

सौंदड, ११ ऑगस्ट २०२४

नीतू,

बरं झालं विचारलं. तुम्ही दोघं नवरा-बायको मिळून एक अक्कल चालवता अन् तीही उधारीची. एकदा तिकडे टॅक्स भरला, मग इकडे पुन्हा कायले? पैसे काय मिलच्या भुशासारखे उडून राहिले?

नोटरीकडे जा अन् सरळ कागद करून घे की आम्ही कायमचे डोंगरगढले राहतो. तिघांचीही नावं टाक. एकट्या दुर्गेशचं टाकलं तर तो साहेब म्हणेल, बायको सौंदडले राहते, गाडी तिच्यासाठीच आहे. सही तुझीही पाहिजे. गाडीचा कागद गाडीपुरता असते, अंगणवाडीवाल्या मॅडम काय तुझ्या गाडीचा नंबर पाहून लेकरं सांभाळायले देणार आहेत? एक प्रत इकडे पाठव. स्वप्निलच्या बाबांची कोहमाऱ्याच्या ढाब्यावर त्या लोकांशी ओळख आहे, ते दाखवून देतील.

दुसरं, तुमच्या खोल्यांची पाणीपट्टी आली. कुलूप लागल्या घराले पाणीपट्टी म्हणजे मेल्या म्हशीले चारा. ग्रामपंचायतीत अर्ज दे की तिथे कोणी राहत नाही, नळ बंद करा. मजकूर मी लिहून पाठवते, तू सही करून दे. परत येशील तेव्हा जोडू, एक पाइपच तर आहे.

स्वप्निलसाठी नागऱ्याची एक मुलगी पाहून आलो. रुची नाव. बारावी झाली आहे, बोलायले चटपटीत आहे. बहुतेक होईल.

शामकला

डोंगरगढ, ३ ऑक्टोबर २०२४

बाई,

तुम्ही सांगितलं तसं दोन्ही केलं. नोटरीने कागद मोठ्याने वाचला, सपरिवार स्थायी निवासी वगैरे, तेव्हा दुर्गेश म्हणाले, हे बराबर नाही वाटत. मी म्हटलं, बाईले आपल्यापेक्षा जास्त समजते, तुम्ही सही करा. दुकानातून बाहेर आल्यावर आमचं भांडण झालं. ते म्हणाले, गाडीच्या टॅक्ससाठी घर सोडल्याचं लिहून दिलं आपण. मी म्हटलं, घर कागदाने सुटत नाही. प्रत आणि नळाचा अर्ज सोबत आहे.

रुचीचं पक्कं झालं, फार आनंद झाला. लग्नाले पाहुणे येतील, जागा कमी पडेल, म्हणून आमच्या खोल्यांची चावी पाठवते. कपाट उघडं आहे. पितळी भांडी माझ्या आईने दिलेली आहेत, ती वापरली तरी चालते.

आईले सांगा नीतू लवकर येते. आता सांगितलं तरी चालते.

नीतू

सौंदड, १५ डिसेंबर २०२४

नीतू,

लग्नाले आली अन् पाहुण्यासारखी दोन दिवसांत गेली. आईने तुझा हात धरून ठेवला होता, तू सोडवून घेतला. मी पाहिलं. गाडी चुकत होती, समजते.

रुची अन् स्वप्निल सध्या तुमच्याच खोल्यांत आहेत. नव्या नवरा-नवरीले म्हातारीच्या बाजूले कसं झोपवू? नळ पुन्हा जोडून घेतला, स्वप्निलच्या नावाने. पंचायतीचा कर तोच भरते आता, तुले त्याचं ओझं नाही. तुझी भांडी वरच्या फळीवर बांधून ठेवली आहेत.

जाहिरात येते म्हणतात. अर्ज भरून टाक. रुचीही भरणार आहे, वाईट वाटून घेऊ नको. एका घरचे दोन अर्ज असले तर एकीचं तरी होते, दोघी आपल्याच. तुझे मार्क्स पाहता ती नुसती नावाले आहे. पण बायका गावात काहीबाही बोलतात, दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तू मनावर घेऊ नको.

आईच्या पाठीले जखम झाली आहे. डॉक्टर म्हणाले दर दोन तासांनी कूस बदला. रुचीले सांगितलं तर म्हणाली तिले वासाने मळमळते. नवी आहे, होईल सवय.

शामकला

डोंगरगढ, २० फेब्रुवारी २०२५

बाई,

यादी लागली. माझं नाव पहिलं आहे. रुचीचं दुसरं. दुर्गेशने मोबाईलवर दाखवलं तेव्हा मी भांडी घासून राहिली होती, तशाच ओल्या हातांनी फोन धरला. मोनूले सांगितलं आपण आजीकडे राहायले जाऊन राहिलो, तर तिने दप्तर भरून ठेवलं आहे आणि त्यातून काही काढू देत नाही.

रुचीले वाईट वाटलं असेल. तिले सांगा, पुढे मदतनिसाची जागा निघेल, मी तिच्यासाठी धावपळ करीन. तुमचे उपकार मी विसरणार नाही, हे लिहून ठेवते.

फक्त एप्रिलमधल्या अक्तीच्या सणापर्यंत खोल्या मोकळ्या झाल्या तर बरं. आईले मी माझ्याच खोलीत घेते. जखमेचं मलम इथल्या मेडिकलमध्ये चांगलं मिळते, दोन ट्यूब घेऊन ठेवल्या आहेत.

नीतू

सौंदड, ६ मार्च २०२५

नीतू,

ट्यूबा घेऊन ठेवल्या, चांगलं केलं. पण घाई करू नको. तुझ्या नावावर कोणीतरी हरकत घेतली म्हणून ऐकून राहिली. गावात जळणाऱ्यांची काय कमी. सुनावणी होईल, ये अन् खरं खरं सांग. खऱ्याले मरण नाही.

दप्तर काढून ठेवायले सांग, पोरीच्या वह्या दबून जातील.

शामकला

डोंगरगढ, २८ मार्च २०२५

शामकलाबाई,

सुनावणी झाली. दुर्गेशले सुट्टी नव्हती, मी मोनूले घेऊन गेली. टेबलावर दोन कागद होते. एक नोटरीचा, कायमचे डोंगरगढले राहतो म्हणून. दुसरा नळाचा अर्ज, इथे कोणी राहत नाही म्हणून. साहेबांनी विचारलं, सह्या तुमच्या? मी हो म्हटलं. ते चांगल्या आवाजात बोलले, रागावले नाहीत. म्हणाले, ताई, टॅक्स द्यायची वेळ आली तर तुम्ही छत्तीसगढच्या, नोकरी घ्यायची वेळ आली तर महाराष्ट्राच्या, तुम्हीच सांगा मी काय लिहू. त्यांनी यादीतलं माझं नाव कापलं. मग हरकत घेणाऱ्याचं नाव वाचलं. शामकला दुधराम, राहणार सौंदड.

मोनूने विचारलं, मोठ्या आईचं नाव काऊन घेतलं? तिले काय सांगू ते तुम्हीच सांगा.

कागद करायले तुम्ही सांगितलं. नळाचा मजकूर तुमच्या हातचा आहे, फक्त सही माझी. मी तुमच्या पाया पडत आली लग्न झाल्यापासून. नवऱ्याशी भांडली तुमच्यासाठी. मी तुमचं काय बिघडवलं होतं? नोकरीच पाहिजे होती तर तोंडाने मागितली असती, मी विचार केला असता. माझी पोरगी रात्री बसून झोपते, आडवी झाली की श्वास लागते. तुम्हाले ते माहीत होतं. पहिल्याच चिठ्ठीत लिहिलं होतं.

नीतू

सौंदड, २४ एप्रिल २०२५

नीतू,

होय, मी केलं. खोटं एक अक्षर दिलं नाही. तू राहते डोंगरगढले, कागदही तेच म्हणते, सहीही तुझी. यात मी काय जादू केली?

विचार केला असता म्हणते. तू काय विचार करशील ते मले माहीत आहे. चार वर्षं तू विचारच करून राहिली. दर दिवाळीले म्हणायची, पुढच्या अक्तीले आईले नेते. मग क्वार्टर लहान, मग मोनू लहान, मग उन्हाळा मोठा. इकडे तुझा देवीच्या डोंगराचा फोटो यायचा, हसरे तिघं, अन् मी त्या वेळी म्हातारीचं अंथरूण धुवून राहिली असायची. आई तो फोटो छातीशी धरायची. माझं नाव घेऊन कधी रडली नाही ती, तुझं घेऊन रडते. ज्याचं जळते त्याले कळते. आता नोकरी पाहिजे म्हणून तुले सासूची सेवा आठवली. नोकरीच्या जोडीले सासू घ्यायची, म्हणजे माझी चार वर्षं फुकट अन् तुझ्या पहिल्याच महिन्याले पगार. मी एवढी साधी नाही.

माझी सून माझ्या घरात राहील, तिचा पगार माझ्या घरात येईल. तुझ्या पोरीचं वाईट वाटते मले, ते खरं आहे. पण दुसऱ्याच्या पोरीचं जेवढं वाटायचं तेवढंच वाटते.

येत्या बुधवारी अक्ती आहे. भैयाजीच्या गाडीत गादी टाकून आईले पाठवते. तुझी बारी. दोन ट्यूबा घेऊन ठेवल्याच आहेत तू.

शामकला

डोंगरगढ, १९ जून २०२५

शामकलाबाई,

आईले परत पाठवत आहे. इथल्या दवाखान्यात तिचं कार्ड चालत नाही, तिचं निराधारचं पेन्शन तिकडच्या बँकेत येते, अंगठा द्यायले तिकडेच जावं लागते. ती महाराष्ट्राची आहे. आम्ही छत्तीसगढचे आहोत, ते तुम्हीच साहेबांपुढे सिद्ध करून दिलं. दुर्गेश रडले, भैयाजीच्या गाडीजवळ उभे राहून रडले. मी म्हटलं, रडायचं असेल तर सोबत जा अन् भावाच्या दारात रडा. ते गेले नाहीत.

तुम्ही विचारणार नाही, तरी सांगते कशी ठेवली ते. एका खोलीत आम्ही तिघं आणि ती. जेवू घातलं दोन वेळा. पाणी मोजून दिलं. इथे पाणी टँकरचं, अन् ती जितकं प्यायची तितकं अंथरूण ओलं व्हायचं, मग मोनूची खोकल्याची उबळ अन् तो वास एकाच खोलीत. पहिले काही दिवस मागत राहिली, नीतू पाणी, नीतू पाणी. मी ओरडली तिच्यावर. एकदा हात उगारला, मारलं नाही. मग तिले समजलं. नंतर ती काहीच मागत नव्हती, भिंतीकडे तोंड करून पडायची.

मी अशी नव्हती. ट्यूबा घेऊन ठेवल्या होत्या तेव्हा खरंच तिचं करायचं होतं. आता तिच्याकडे पाहिलं की मले टेबलावरचे ते दोन कागद दिसायचे, अन् तुमच्यावरचा राग तिच्यावर निघायचा, कारण तीच हाताशी होती. वाईट वाटते का म्हणाल तर वाटत नाही. मोनू विचारते आजी कुठे गेली. मी म्हणते आपल्या घरी गेली.

यापुढे भैयाजीच्या हाती चिठ्ठी देऊ नका.

नीतू

सौंदड, ११ जुलै २०२५

नीतू,

देऊ नको म्हटलं तरी देते. शेवटची समज.

आई पोचली. पाठीची जखम भरली आहे, तेवढं तू चांगलं केलं. वजन उतरलं, उचलायले आता सोपी जाते.

रुची अंगणवाडीत लागली. सकाळी साडी नेसून जाते, दुपारी येते, मोबाईलमध्ये माहिती भरत बसते. आईजवळ जा म्हटलं तर म्हणते, मी नोकरीवाली, मले इन्फेक्शन चालत नाही, लेकरांत वावरावं लागते. स्वप्निल तिच्याच बाजूने बोलते. पगार त्या दोघांच्या खात्यात राहते, माझ्या घरात आला नाही. मागच्या दोन खोल्यांत त्यांनी वेगळी चूल मांडली. तुले हे वाचून गोड वाटेल, वाटू दे.

म्हणजे म्हातारी माझ्याच गळ्यात आहे, पहिल्यासारखी. अन् रोवणी आली. मजूर मिळत नाहीत, मले धानाच्या बांधीत उतरावंच लागते, दिवसभर घरी कोणी नसते.

तिले आता जागा समजत नाही. डोळे उघडले की विचारते, माय, मी कोणाकडे आहो? पहिले दोन दिवस मी खरं सांगितलं, सौंदडले आहे, आपल्या घरी आहे. तर जुनं सुरू झालं, शामकला पाणी दे, शामकला कूस बदल, शामकला बाहेर ने. शेजारच्या बाया बांधीपर्यंत बोलवायले यायच्या. तिसऱ्या दिवशी मी वैतागून म्हटलं, नीतूकडे आहे तू, डोंगरगढले. ती एकदम चूप झाली. तोंड भिंतीकडे केलं.

तेव्हापासून रोज सकाळी तेच सांगते. दिवसभर हाक नाही, मागणं नाही. मनाले बरं वाटत नाही, पण रोवणी होऊन राहिली. काल निघताना तिच्या हाताशी पाण्याचा गिलास ठेवून गेली होती. संध्याकाळी आली, तर तो तसाच भरलेला होता.

शामकला